जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा कपलिंग कंडेन्सर बदलताना

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचा रेडिओग्राम माझ्या टेबलावर आला. "सुरुवातीला छान वाजतो, मग आवाज फाटतो आणि गरम वास येतो," एवढीच तक्रार होती. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, सेट लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हकडे (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हकडे) बघत बसलो. दहा-बारा मिनिटांनी त्याच्या प्लेटच्या (आतला करंट जिथे पोचतो त्या पत्र्याच्या) कडेला नाण्याएवढा लालसर डाग उमटला. व्हॉल्व्हची तार लाल दिसणं ठीक, पण प्लेट लाल होता कामा नये. सेट लगेच बंद केला.

चासी (पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा) उलटी केल्यावर कारण समोरच होतं. ईएल८४ च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर (करंट कमी-जास्त करणारी आतली जाळी), मेण लावलेल्या कागदाचा तपकिरी कंडेन्सर होता. एका टोकाचं मेण ओघळून खालच्या रेझिस्टरवर थिजलेलं आणि त्यात धूळ रुतलेली. ईएल८४ काढून त्याच्या ग्रिडवर मीटर लावला, तर अधिक ५ व्होल्ट. तिथे शून्य हवं. कंडेन्सर गळत होता, ग्रिड वर ओढला जात होता, व्हॉल्व्हमधून नको इतका करंट वाहत होता, आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून जात होता. आणखी काही महिने गेले असते तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि तो आज दुकानात मिळत नाही, बांधूनच घ्यावा लागतो.

वडापाव-चहाच्या पैशांत मिळणाऱ्या एका पार्टवर हे सगळं अवलंबून असतं, म्हणून हा लेख. पहिल्यांदाच जुना व्हॉल्व्ह सेट उघडणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. कपलिंग कंडेन्सर म्हणजे काय, तो खराब झाला हे कसं ओळखायचं, बदली कोणता घ्यायचा आणि कसा बसवायचा, हे क्रमाने सांगतो. (दुकानात कुणी कपॅसिटर म्हणतं, कुणी कंडेन्सर. जुने मेकॅनिक कंडेन्सरच म्हणतात, मीही तेच लिहितो.)

त्याचं काम काय

व्हॉल्व्हच्या प्लेटवर दीड-दोनशे व्होल्ट डीसी असतात आणि त्यावर आवाजाचा एसी सिग्नल स्वार झालेला असतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला फक्त सिग्नल हवा. डीसीचा एक थेंबही नको. या दोघांच्या मधे बसून डीसी अडवायचा आणि सिग्नल पुढे सोडायचा, एवढंच कपलिंग कंडेन्सरचं काम. पाच व्हॉल्व्हच्या रेडिओत असा महत्त्वाचा कंडेन्सर एकच असतो: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंतचा. पुश-पुल ॲम्प्लिफायरमध्ये (जिथे आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने काम करतात) दर चॅनलला असे दोन असतात. बाकी काहीही बदलायचं नसलं, तरी हे आधी तपासा.

ईएल८४ चं उदाहरण घेऊ. प्लेटवर २५० व्होल्ट असताना त्याच्या ग्रिडला कॅथोडच्या (करंट जिथून निघतो त्या भागाच्या) तुलनेत उणे ७.३ व्होल्ट लागतात, तेव्हा प्लेटमधून ४८ मिलिअँपिअर वाहतात आणि प्लेट आपल्या १२ वॉटच्या कमाल मर्यादेला टेकलेली असते. म्हणजे मुळातच गुंजाइश नाही. ग्रिडवर एक व्होल्ट वाढला की हा व्हॉल्व्ह ११ मिलिअँपिअरच्या आसपास जास्त ओढायला बघतो. कॅथोडचा रेझिस्टर त्याला थोडा आवरतो, पूर्ण आवरत नाही. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये कॅथोड रेझिस्टरऐवजी वेगळा उणे बायस (ग्रिडला बाहेरून दिलेलं ठरावीक व्होल्टेज) दिलेला असतो, तिथे आवरणारं कुणीच नाही. १९५९ चा डायनॅको स्टिरिओ ७० हे त्याचं जगभर ठाऊक असलेलं उदाहरण. त्यात चार ईएल३४ आहेत आणि गळका कंडेन्सर तिथे पाहता पाहता व्हॉल्व्हची जोडी खाऊन टाकतो.

हात घालण्याआधी

इथे एचटी लाइनवर (प्लेटला पुरवठा करणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या लाइनवर) २५० ते ४५० व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते राहू शकतात. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिप-वायरने एचटी आणि चासी यांच्यामध्ये काही सेकंद धरा आणि मीटरने खात्री करा की पाच व्होल्टच्या आतच उरले आहेत. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जुनी सवय काही जणांना असते. ती लावून घेऊ नका. कंडेन्सरही बिघडतो आणि हातही दचकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्याकडच्या अनेक जुन्या रेडिओंमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नव्हता. व्हॉल्व्हवर यूसीएच८१, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५ असे 'यू'ने सुरू होणारे नंबर दिसले, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन्सची एक वायर थेट चासीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडा चालवू नका. नवशिक्यांना माझं सांगणं आहे की पहिला सेट 'ई' मालिकेचा आणि ट्रान्सफॉर्मर असलेलाच निवडा.

चालू सेटमध्ये मोजायचं असेल तेव्हा क्लिप आधी लावा, मग प्लग घाला, आणि मोजमाप संपेपर्यंत हात लांब ठेवा.

आधी मोजा, मग बदला

कंडेन्सर खराब आहे का हे मीटरच्या ओहम रेंजवर कळत नाही. तिथे मीटर दोन-तीन व्होल्टच देतो. त्या दाबाखाली कंडेन्सर शहाण्यासारखा वागतो आणि दोनशे व्होल्ट पडले की गळू लागतो. कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवरही भरवसा ठेवू नका. गळका कागदी कंडेन्सर तिथे बरेचदा लिहिल्यापेक्षा जास्त व्हॅल्यू दाखवतो आणि माणसाला वाटतं, भरीव आहे.

म्हणून खऱ्या व्होल्टेजवर, जागच्या जागी तपासायचं. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा, प्लेटकडचं तसंच राहू द्या. सुटलेल्या टोकाला मीटरची लाल क्लिप, चासीला काळी, रेंज डीसी व्होल्ट. सुटलेलं टोक दुसऱ्या कशाला टेकणार नाही असं बघा. त्यावर व्होल्टेज असतं. आता सेट लावा. व्हॉल्व्ह तापताना काटा किंवा आकडे एकदम वर जातील, कारण कंडेन्सर चार्ज होतोय. मग ते खाली येतील. मिनिटभराने जिथे स्थिरावतात, तो आकडा लिहून घ्या.

चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो. प्लेटवर २०० व्होल्ट असताना मीटर २ व्होल्ट दाखवत असेल, तर कंडेन्सरची गळती सुमारे ९९० मेगओहमची आहे. तोच कंडेन्सर ४७० किलो-ओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर दशांश व्होल्ट सोडेल. माझी मर्यादा तिथेच आहे: २ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की कंडेन्सर बाद. २० व्होल्ट दिसले तर ९० मेगओहम, म्हणजे ग्रिडवर एक व्होल्टच्या आसपास, आणि तो सेट आजपासूनच बंद ठेवायचा. चांगला फिल्म (प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा) कंडेन्सर असेल तर आकडा शून्याजवळ येऊन थांबतो. एक खबरदारी: पिवळ्या रंगाचा जो स्वस्त मीटर सगळीकडे मिळतो, त्याचा आतला रेझिस्टन्स बहुधा १ मेगओहमच असतो. तो वापरत असाल तर २ ऐवजी ०.२ व्होल्ट ही सीमा धरा.

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली रीत म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह काढून ग्रिडवर मोजणं. ती जलद आहे, सोल्डरिंग लागत नाही, पण आउटपुट व्हॉल्व्ह निघाला की एचटी चढतो आणि जुन्या फिल्टर कंडेन्सरवर ताण येतो, त्यामुळे मिनिटभराच्या वर नको. 'यू' मालिकेत तर हे जमतच नाही, कारण तिथे सगळ्यांचे हीटर एकामागे एक जोडलेले असतात. एक काढला की सगळे विझतात. पिना लक्षात ठेवा: ईएल८४ ला ग्रिड पिन २, कॅथोड पिन ३. ईएल३४, ६व्ही६, ६एल६ यांना ग्रिड पिन ५, कॅथोड पिन ८.

व्हॉल्व्ह जागेवर असताना ग्रिडवर अधिक व्होल्ट दिसले आणि काढल्यावर गेले, तर दोष कंडेन्सरचा नाही. व्हॉल्व्हच्या आत वायू झाला आहे किंवा त्याच्या ग्रिडमधून करंट निघतोय. हा फरक न कळल्यामुळे चांगले कंडेन्सर फेकले जातात.

काय तपासायलाही नको आणि थेट बदलायचं? मेणाचा कागदी कंडेन्सर. काचेसारख्या कडक काळ्या-तपकिरी साच्यातला कागदी, ज्याला केसासारख्या चिरा पडलेल्या असतात, तोही. कागद हवेतली ओल पितो आणि वर्षानुवर्षं आतून कुजतो. कोकणातून आणि गोव्यातून माझ्याकडे आलेल्या सेटांत मला एकही मेणाचा कंडेन्सर कोरडा सापडलेला नाही. उलट १९६० च्या दशकातले, मोहरीच्या पिवळ्या रंगाचे मुलार्ड-फिलिप्सचे पॉलिएस्टर कंडेन्सर आजही बहुतेक वेळा ठणठणीत निघतात. ते मोजा, चांगले असतील तर राहू द्या. सरसकट सगळं उपटून काढणं ही दुरुस्ती नव्हे.

जुन्या कंडेन्सरवरची व्हॅल्यू वाचणं

इथे नवशिके हमखास गोंधळतात. जुन्या अमेरिकन-ब्रिटिश पार्टवर 'एमएफडी' किंवा नुसतं 'एमएफ' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मायक्रोफॅरड. 'एमएमएफ' असेल तर पिकोफॅरड. युरोपियन सर्किटवर १०के लिहिलेलं असेल तर ते १०,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. नव्या कंडेन्सरवर तीन आकडी कोड असतो: १०३ म्हणजे ०.०१, २२३ म्हणजे ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१. त्याच्यामागे येणारा 'के' हा १० टक्के फरक चालेल असं सांगतो, 'जे' असेल तर ५ टक्के. जुना के आणि नवा के वेगळे, हे पक्कं डोक्यात ठेवा.

०.०५ आणि ०.०२ या जुन्या व्हॅल्यू आज सहसा मिळत नाहीत. त्यांच्या जागी ०.०४७ आणि ०.०२२ घ्या. त्या काळी कागदी कंडेन्सरमध्ये २० टक्के फरक सर्रास धरलेला असे, त्यामुळे एवढ्या बदलाने काही बिघडत नाही.

व्हॅल्यू वाढवण्याचा मोह

"०.०१ च्या जागी ०.१ लावला तर बेस वाढेल का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तरासाठी एक सोपा हिशोब आहे. ग्रिड रेझिस्टर किलो-ओहममध्ये घ्या, कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये, दोघांचा गुणाकार करा आणि १५९ ला त्याने भागा. जे येईल त्या हर्ट्झवर आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो.

१ मेगओहम आणि ०.०१: गुणाकार १०, उत्तर सुमारे १६ हर्ट्झ. ४७० किलो-ओहम आणि ०.०२२: सुमारे १५ हर्ट्झ. तोच रेझिस्टर आणि ०.१: साडेतीन हर्ट्झच्याही खाली. रेडिओग्रामचा आठ इंची स्पीकर आणि त्याचा छोटासा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली नीट काही देतच नाहीत. मग कंडेन्सर १६ वर कापतो की साडेतीनवर, याने कानाला पडणारा फरक शून्य.

नुकसान मात्र खरं आहे. एका पुश-पुल ॲम्प्लिफायरमध्ये मी सुरुवातीच्या काळात ०.१ च्या जागी १ मायक्रोफॅरड लावले होते. ग्रामोफोनची पिन रेकॉर्डवर टेकवली की स्पीकरचा कोन आवाजाशिवाय आत-बाहेर डोलायला लागायचा. टर्नटेबलची घरघर, रेकॉर्डचा वाकडेपणा, सगळं अगदी खालच्या हर्ट्झवर असतं. ते आता थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचत होतं, लोखंड त्यातच भरून जात होतं आणि वरचा सूर गढूळ होत होता. फीडबॅक असलेल्या (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे परत देणाऱ्या) ॲम्प्लिफायरमध्ये याहून वाईट होतं: प्रत्येक टप्प्याचं कापणं एकमेकांच्या जवळ आलं की ते खालच्या सुरावर स्वतःहून धकधक करायला लागतं. मेकॅनिक याला मोटरबोटिंग म्हणतात, आवाज अगदी तसाच येतो. ज्याने सर्किट बनवलं त्याने हे टप्पे मुद्दाम एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात.

आणखी एक दुष्परिणाम. जोराचा सूर आला की आउटपुट व्हॉल्व्हचा ग्रिड क्षणभर करंट घेतो आणि कंडेन्सर जास्तीचा चार्ज होतो. तो जास्तीचा चार्ज उतरायला जितका वेळ लागेल तितका वेळ व्हॉल्व्ह अर्धवट बंद. ०.१ आणि ४७० किलो-ओहमला हा काळ ४७ मिलिसेकंदांच्या हिशोबाने जातो, १ मायक्रोफॅरडला जवळजवळ अर्ध्या सेकंदाच्या. तबल्याच्या एका जोरदार थापेनंतर पुढचे दोन बोल दबलेले ऐकू आले, तर हे कारण शोधा.

म्हणून व्हॅल्यू तीच ठेवा. ग्रिड रेझिस्टरही मोजून घ्या. जुने कार्बन रेझिस्टर वयाबरोबर चढतात. ईएल८४ ला कॅथोड बायसमध्ये जास्तीत जास्त १ मेगओहम आणि वेगळ्या बायसमध्ये ०.३ मेगओहम चालतो, ईएल३४ ला ०.७ आणि ०.५. ईएल३४ च्या ग्रिडवरचा मूळ ४७० किलोचा रेझिस्टर चढून ८०० झाला असेल, तर कंडेन्सर नवा असूनही ग्रिड स्थिर राहणार नाही.

किती व्होल्टचा

सर्किटवर प्लेटचे १५० व्होल्ट लिहिलेत म्हणून २५० व्होल्टचा कंडेन्सर घेऊ नका. सेट लावल्याक्षणी व्हॉल्व्ह थंड असतात, कुणीच करंट घेत नाही, आणि प्लेटवर पूर्ण एचटी उभा राहतो. तोही नेहमीपेक्षा चढलेला. ईझेड८१ किंवा जीझेड३४ सारखा सावकाश तापणारा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) असेल तर हा धक्का सौम्य असतो. पण मागे कुणी दुरुस्ती करताना त्याच्या जागी सिलिकॉन डायोड घातले असतील, तर एचटी त्याच क्षणी पूर्ण येतो. वेगळ्या बायसच्या ॲम्प्लिफायरमध्ये ग्रिडच्या बाजूचे उणे तीस-चाळीस व्होल्टही याच कंडेन्सरवर पडतात. आणि मेन्स अनेक ठिकाणी २४० च्या वर असतो, सेट मात्र २२० च्या टॅपवर ठेवलेला. मागची टॅप-प्लेट बघा, २४० ची जागा असेल तर ती वापरा.

छोट्या रेडिओला ४०० व्होल्ट पुरतात. मी सगळीकडे ६३० व्होल्ट डीसीच घेतो. किमतीत फरक नगण्य आहे आणि आकार चालण्याजोगा. मात्र '२७५ व्होल्ट एसी, एक्स२' असं छापलेला चौकोनी कंडेन्सर मेन्सच्या दोन वायरींमध्ये लावायचा असतो, इथे तो घेऊ नका. आणि उलटही: जुन्या सेटमध्ये मेन्सवर बसवलेला कागदी कंडेन्सर दिसला, तर त्याच्या जागी ६३० व्होल्ट डीसीचा लावू नका, तिथे एक्स२ किंवा वाय२ च हवा.

कोणत्या जातीचा

इथे लोक महिनोन्‌महिने अडकून पडतात. माझं मत स्पष्ट आहे: पॉलिप्रॉपिलीन, ६३० व्होल्ट, ओळखीच्या कंपनीचा. बस.

पॉलिप्रॉपिलीनवर (पार्टवर एमकेपी किंवा एफकेपी लिहिलेलं असतं) सिग्नलचा ऱ्हास पॉलिएस्टरच्या दहाव्या हिश्शाहून कमी, गळती जवळजवळ नाहीच, आणि टिकायला चिवट. तोटा एकच, अंगाने जाड. विमा (WIMA) आणि विशाय या कंपन्यांचे, आणि केशरी रंगामुळे ऑरेंज ड्रॉप नावाने ओळखले जाणारे ७१५पी आणि ७१६पी, हे सगळे या कामाला उत्तम. ऑरेंज ड्रॉपमध्ये २२५पी हा पॉलिएस्टर असतो, नंबर बघून घ्या.

पॉलिएस्टर (एमकेटी, दुकानातला मायलर) आकाराने लहान आणि अरुंद जागेत सोयीचा. रेडिओच्या एकट्या ईएल८४ ला त्याने काहीही कमी पडत नाही. मोहरी रंगाचे ते गाजलेले कंडेन्सर पॉलिएस्टरच आहेत, हे लक्षात घ्या.

तेलात भिजवलेल्या कागदाचे नवे कंडेन्सर आजही बनतात आणि महाग असतात. सोव्हिएत काळातले के४०वाय-९ धातूच्या नळीत, काचेने बंद केलेले, तुलनेने स्वस्त मिळतात आणि कित्येकांना त्यांचा मऊ आवाज आवडतो. वापरायचे तर वापरा, पण प्रत्येक नग वर सांगितलेल्या रीतीने मोजून. नळी धातूची असल्यामुळे तिच्यावर स्लीव्ह चढवल्याशिवाय चासीत ठेवू नका. काळ्या अंगावर रंगीत पट्टे असलेले स्प्रेगचे बम्बल बी १९५० च्या दशकातल्या गिब्सन गिटारींमुळे संग्राहकांत भाव खातात. गिटारच्या टोन कंट्रोलवर डीसी नसतो, तिथे गळती चालून जाते. तोच कंडेन्सर ईएल३४ च्या ग्रिडवर लावणं धोक्याचं आहे. 'न वापरलेला जुना स्टॉक' म्हणून विकले जाणारे कागदी कंडेन्सर पेटीत पडून पडूनही तितकेच म्हातारे झालेले असतात.

सिरॅमिक चकती इथे नको. मोठ्या व्हॅल्यूच्या सिरॅमिकची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते, त्यामुळे सिग्नल वेडावाकडा होतो, आणि त्यावर टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ऐकू येते. इलेक्ट्रोलायटिक तर मुळीच नको, त्याची नेहमीची गळतीच कितीतरी जास्त.

हजारो रुपयांचे कंडेन्सर घ्यावेत का? एका कंडेन्सरच्या त्या पैशांत तुमच्या सेटचे सगळे कागदी कंडेन्सर, फिल्टर आणि चढलेले रेझिस्टर बदलून होतात, आणि तो फरक घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतो. आधी ते करा.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे पार्ट मिळतात. दुकानदाराला नुसतं "पॉइंट झिरो टू टू" म्हणू नका, तो शंभर व्होल्टचा हिरवा मायलर काढून देईल. "२२३, ६३० व्होल्ट, पीपी" असं सांगा आणि छापलेलं वाचूनच पैसे द्या. जमलं तर दोन्ही बाजूंनी तार निघणारा, म्हणजे ॲक्सियल घ्या. जुन्या टॅग स्ट्रिपवर तो सरळ बसतो. एकाच बाजूने दोन पाय असलेला रेडियल मिळाला, तर एका पायाला वायर जोडून स्लीव्ह घालावी लागते. चालतं, पण तो लोंबकळणार नाही असा बांधा. दोन जास्तीचे घ्या.

बसवणं

सोल्डरगन तापण्याआधी फोनवर चार बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच कंडेन्सर काढायचा, त्याच्या जागी नवा लावायचा, मगच पुढचा. त्या काळी पार्टची तार टॅगला दोन वेढे देऊन मग सोल्डर करत. ती सोडवण्यासाठी ओढाताण केली तर व्हॉल्व्ह-सॉकेटची पिन तुटते आणि मग खरं दुखणं सुरू होतं. टॅगला वितळलेल्या सोल्डरचा थेंब देऊन जुनं सोल्डर जिवंत करा, पंपाने ओढून घ्या, मग नोज प्लायरने वेढा उलगडा. उलगडत नसेल तर जुनी तार टॅगपासून अर्धा सेंटीमीटर सोडून कापा आणि त्या टोकाला नवी तार गुंडाळून सोल्डर करा. दिसायला फार सुंदर नाही, पण सॉकेट वाचतो.

फिल्म कंडेन्सरला अधिक-उणे नसतं, तरी दोन टोकं अगदी सारखी नसतात. आतली फॉइल गुंडाळलेली असते, त्यामुळे बाहेरचा शेवटचा वेढा एका तारेला जोडलेला असतो. ते टोक आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडे ठेवलं तर बाहेरची फॉइल पडद्यासारखं काम करते आणि हम कमी येतो. जुन्या कंडेन्सरवरची काळी पट्टी हेच सांगायची. नव्यांवर ती पट्टी भरवशाची नाही. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोब कंडेन्सरच्या दोन तारांना लावा, अंग बोटांत धरा, आणि तारा उलट करून बघा. ज्या बाजूने लावल्यावर ५० हर्ट्झची लाट लहान दिसते, तेव्हा प्रोबच्या ग्राउंडला असलेली तार बाहेरच्या फॉइलची. आउटपुट व्हॉल्व्हजवळ सिग्नल मोठा असल्याने याचा फरक थोडा पडतो, आधीच्या टप्प्यांत जास्त.

नवा कंडेन्सर आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटपासून आणि गरम होणाऱ्या वायरवाउंड रेझिस्टरपासून बोटभर लांब ठेवा. पॉलिप्रॉपिलीनला उष्णता सोसत नाही. उघड्या तारांवर स्लीव्ह चढवा, आणि सोल्डर करताना तार प्लायरने धरा म्हणजे उष्णता आत जात नाही.

पहिल्यांदा लावताना

स्पीकर जोडला आहे ना, ते दोनदा बघा. स्पीकरशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर उसळणारं व्होल्टेज त्याचं इन्सुलेशन फोडतं. मग सेट सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे मेन्स आणि सेट यांच्यामध्ये एक बल्ब एकामागे एक जोडून. रेडिओला ६० वॉटचा बल्ब, ईएल३४ च्या जोड्या असलेल्या ॲम्प्लिफायरला १०० किंवा त्याहून मोठा. एलईडी चालणार नाही, तारेचाच बल्ब हवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर प्लग काढा आणि फोटोशी जोडणी पडताळा.

सगळं शांत असेल तर थेट मेन्सवर लावून दहा मिनिटं तापू द्या. आता दोन आकडे घ्या. ग्रिडवर शून्य, फार तर काही मिलिव्होल्ट. कॅथोडवर जितके व्होल्ट, त्यांना कॅथोड रेझिस्टरने भागा. १५० ओहमवर ७.२ व्होल्ट म्हणजे ४८ मिलिअँपिअर, त्यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) थोडा वाटा. प्लेट आणि कॅथोड यांच्यातले व्होल्ट या करंटने गुणले की वॉट मिळतात, आणि ईएल८४ साठी ते १२ च्या आत हवेत. डायनॅकोसारख्या वेगळ्या बायसच्या ॲम्प्लिफायरमध्ये नवे कंडेन्सर लावल्यावर बायस पुन्हा लावावाच लागतो. स्टिरिओ ७० मध्ये १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट, म्हणजे दोन ईएल३४ चे मिळून १०० मिलिअँपिअर. गळक्या कंडेन्सरच्या काळात कुणीतरी बायस फिरवून सांभाळून घेतलेला असतो, तो आता चुकीचा ठरतो.

काकूंच्या रेडिओग्राममध्ये ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन गेला. कॅथोडचं व्होल्टेज दहाच्या वरून साडेसातवर आलं, आणि तासाभराने अंधारात बघितलं तेव्हा प्लेट काळीच होती. व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, बंगळूरचा. तो अजून चांगला निघाला, बदलावा लागला नाही. पुठ्ठ्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, ग्रिडचं आणि कॅथोडचं व्होल्टेज लिहून ठेवलं, आणि जुना मेणाचा कंडेन्सर एका पाकिटात घालून कॅबिनेटच्या तळाशी ठेवला. पुढे तो सेट उघडणाऱ्याला मूळ पार्ट कोणता होता ते कळेल. तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन तेच दोन आकडे मोजून आलो, बदललेले नव्हते.